लाल ठिपक्याचे पेशंट

दंतवैद्यांना परवाने देणाऱ्या मंडळातल्या साहेबांनो, पहिला आरोप तुमच्यावर आहे. त्या दवाखान्याच्या भिंतीवर सोनेरी चौकटीत तुमच्या सहीचा कागद लटकतो आहे. त्याच्या बरोबर खाली एक स्टूल आहे. गादीच्या खुर्च्या आठ. स्टूल एकच, लाकडी, चपलांच्या मांडणीला खेटून. त्या स्टुलावर कोण बसतं हे अकरा वर्षांत तुमच्यापैकी एकानेही येऊन पाहिलं नाही. तेव्हा आता निदान ऐका.

त्या दवाखान्यात फॉर्म भरून घेणारी एक बाई होती. सगळे तिला चिठ्ठीबाई म्हणत. नवा पेशंट आला की ती फॉर्म पुढे सरकवायची. नाव, वय, पत्ता आणि शेवटचा रकाना : ‘इतर काही आजार?’ हा रकाना कशासाठी असतो ते शाळकरी मुलालाही सांगता येईल. सुई टोचताना, दाढ उपटताना माणूस सांभाळता यावा म्हणून. आमच्या डॉक्टरमहाशयांनी मात्र त्याचा निराळाच उपयोग शोधून काढला होता. कुणी तिथे साखर, फिट, कावीळ, हृदय, काहीही लिहिलं की चिठ्ठीबाईने फाइलवर लाल ठिपका चिकटवायचा. ठिपकेवाल्याने स्टुलावर बसायचं. नंबर सगळ्यांत शेवटी.

शेवटी तरी सुखाने? छे! महाशय दारात येऊन, हात उंच धरून, हातमोज्यांवर हातमोजे चढवायचे. बाकीच्यांना दिसायला नको का! “फिट येते ना तुम्हाला? माझं बोट तोडलंत तर नवीन आणून देणार का?” असं त्यांनी एका वयस्कर मास्तरांना भर खोलीत विचारलं होतं. मास्तर सुजलेला गाल घेऊन तसेच घरी गेले. साखरेच्या एका आजीला दहा ते तीन उपाशी बसवलं. ती स्टुलावरून घसरली, तेव्हा महाशय म्हणाले, “बघा, म्हणूनच असले पेशंट मला नको असतात.”

गेली दोन वर्षं मात्र ठिपके कमी झाले होते. ठिपक्यांचं पाकीट संपता संपत नव्हतं. डॉक्टर खुशीत होते. “बाई, आपल्याकडे आता धडधाकट लोक येतात. नाव झालंय आपलं.”

चिठ्ठीबाई मान डोलवायची. कुणाची साखर उतरली नव्हती की फिट थांबली नव्हती. लोकांनी फक्त लिहायचं बंद केलं होतं. हे तिला ठाऊक होतं आणि ती गप्प होती. तिच्यावरही आरोप आहे तो हाच, आणि ती तो नाकारत नाही.

एका सोमवारी सकाळी ती डबा भरत होती. धाकटी जाऊ ओट्याशी उभी राहून चहात भिजवलेला पाव एकाच बाजूने चावत होती. लाँड्रीत दिवसभर शर्टांना इस्त्री करणारी ही बाई एरवी सगळ्या घराला हसवायची. चार वर्षांपूर्वी तिच्या हृदयाची झडप बदलली होती. रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज, जन्मभर.

“गाल बघ तुझा,” चिठ्ठीबाई म्हणाली.

“फुकटात बाळसं धरलंय, ताई. एकाच बाजूला धरलंय, एवढंच.”

“हसू नकोस. सरकारी दवाखान्याची तारीख?”

“दीड महिन्याने. तोवर दाढ राहील, मी राहीन की नाही ते विचारा.” मग ती हळूच म्हणाली, “तुमच्या साहेबांकडे घेऊन चला ना.”

“ते तुला स्टुलावर बसवतील.”

“बसेन की. इस्त्रीपाशी उभीच असते दिवसभर.”

“आणि गोळीचं नाव काढलंस की हाकलतील. चारचौघांत, वाट्टेल ते बोलून.”

मग चिठ्ठीबाई जे बोलली ते अकरा वर्षं त्या टेबलाशी बसलेली बाईच बोलू शकते. “शेवटचा रकाना कोरा सोड. सगळे सोडतात. कुणाला काही होत नाही.”

रकाना कोरा सोडून जाऊ गादीच्या खुर्चीवर बसली. नंबर लगेच आला. दाढ दहा मिनिटांत निघाली. “अर्धा तास बोळा दाबून धरा,” एवढं सांगून महाशयांनी पुढचा पेशंट बोलावला.

अर्ध्या तासाने बोळा लाल. दुपारी टॉवेल लाल. चारला दिराचा फोन आला, “वहिनी, हिचं रक्त थांबत नाही हो! बोलायला तोंड उघडलं की ओघळतंय.”

चिठ्ठीबाई सरळ आत गेली. डॉक्टर एकाचे दात साफ करत होते.

“सकाळची ती माझी जाऊ. तिला रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. तुम्ही चला, नाहीतर काय करायचं ते तरी सांगा.”

डॉक्टरांचा हात थांबला. पण ते जाऊबद्दल बोललेच नाहीत. “फॉर्मवर लिहिलंय का तिने?”

“नाही.”

“मग फॉर्म नीट जपून ठेवा. आणि तिला इथे आणू नका, सांगून ठेवतो. सरकारीत न्या.”

बाई मरते आहे, आणि हा माणूस कागद जपतो आहे! परवाना द्यायच्या आधी तुम्ही यांची नेमकी कसली परीक्षा घेता, साहेब?

सरकारी दवाखान्यात ड्यूटीवर एक दंतवैद्य बाई होती. तिने हातमोज्यांचा एकच जोड घातला, जाऊच्या पाठीवरून हात फिरवला, जखमेत औषधात भिजवलेली कापडाची घडी बसवली, टाके घातले. रक्ताच्या दोन पिशव्या चढल्या. पहाटे जाऊचे ओठ पुन्हा ओठांच्या रंगाचे झाले.

“गोळी चालू असताना दाढ काढता येत नाही का हो?” चिठ्ठीबाईने विचारलं.

“येते की. आधी रक्त तपासायचं, नंतर टाके घालायचे. अर्ध्या तासाचं जास्तीचं काम.” मग तिने विचारलं, “पण तुम्ही सांगितलं का नाही?”

चिठ्ठीबाई अजून आधीच्याच वाक्यात अडकली होती. अर्धा तास! या अर्ध्या तासाच्या कंटाळ्यापायी अकरा वर्षं माणसं स्टुलावर बसली होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कोरा कागद पुढे केला. “लिहा, बाई. ‘रुग्णाने आजार लपवला.’ खाली सही. खोटं थोडंच लिहायचंय?”

“खोटं नाही, साहेब. लपवलाच. मीच लपवायला लावला. तेही लिहिते.”

“तुमचं काही लिहायची गरज नाही.”

“आणि मी का लावला, तेही लिहिते. मास्तरांचं लिहिते. आजीचं लिहिते.”

“नोकरीवर यायचंय ना उद्या?”

“नाही,” ती म्हणाली. हा शब्द इतका सोपा असेल असं तिला अकरा वर्षांत वाटलं नव्हतं. तिने ठिपक्यांचं पाकीट महाशयांच्या टेबलावर ठेवलं. “हे तुम्हाला राहू द्या. एक तुमच्या फाइलीला लावा.”

त्या संध्याकाळी सरकारी दवाखान्यात, जाऊच्या उशाशी बसून तिने चार पानं लिहिली. आपला गुन्हा सगळ्यांत वर लिहिला. जाऊला बोलायची बंदी होती, म्हणून तिने नुसतीच मान डोलवली आणि शेवटच्या पानावर स्वतःची सही ठोकली.

ती पानं तुमच्या मंडळाच्या टेबलावर येऊन आज सव्वीस दिवस झाले. शेवटच्या पानाच्या तळाशी चिठ्ठीबाईने पट्टीने एक चौकोन आखला आहे आणि त्यावर लिहिलं आहे : ‘मंडळाचं उत्तर.’ तो रकाना अजून कोरा आहे. लोकांनी रकाने कोरे सोडले ते भीतीने. तुम्ही कशाला भिता, साहेब? पेन उचला आणि भरा.