मेंढ्या की भूकंप

काठ

मे महिना, २००५. पिंपळवंडीत कुकडीच्या काठाला कुंडलिकची नवी विहीर खणून झाली होती. पाणी लागलं होतं. आता आतून गोल दगडी बांधकाम करून घेतलं की पावसाळ्यात माती ढासळायची भीती नव्हती. दगड येऊन पडला होता. सावळेराम मिस्त्री माप घेऊन गेला होता. तेवढ्यात पुण्याची एक बाई जीपमधून उतरली, विहिरीत डोकावली आणि म्हणाली,

"बांधकाम थोडे दिवस थांबवता येईल का? मला ही भिंत वाचायचीय."

कुंडलिकनंही वाकून पाहिलं. "काय लिव्हलंय तिच्यावं?"

"तेच बघायचंय."

"मिस्त्री दुसऱ्या कामात हाय तंवर बघा. त्यो आला की आमी दगड लावनार. पाऊस काय तुमच्यासाठी थांबायचा न्हाई."

पहिला परस

परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. विहिरी त्यानं मोजतात.

काळी माती, उसाच्या मुळ्या, खताच्या गोणीची चिंधी. गाळ वर ओढणाऱ्या यारीच्या बकेटमध्ये उभी राहून पुण्याची ती बाई, स्नेहल, खाली गेली आणि यातल्या कशाकडंही तिनं पाहिलं नाही. ती भूगर्भशास्त्रज्ञ होती. तिला जुने भूकंप हवे होते, इतके जुने की ते लिहून ठेवायला कुणी नव्हतं. ओल्या गाळाचे थर सपाट बसतात. जमीन हादरली की चुरगळतात. वर नवा गाळ साचतो आणि चुरगळ तशीच राहते. खाली सपाट, वर सपाट, मधे एक पट्टा विस्कटलेला, असं दिसलं तर तिथं कधीतरी जमीन हलली असावी.

असावी. हा शब्द तिच्या संस्थेत आता कुणाला नको होता. डिसेंबरात त्सुनामी आली आणि सगळे किनाऱ्यावर जुन्या लाटांची वाळू शोधायला गेले. कुकडीचं काम बंद करायचं घाटत होतं. ते वाचवायचं तर तिला याच भिंतीवरून काहीतरी ठाम सांगता यायला हवं होतं. अशी ताजी, उभी कापलेली भिंत नदीकाठाला दुसरी नव्हती.

वर काठावर कुंडलिकची बायको ठकूबाई यारीच्या दोराकडं बघत उभी होती.

"मला म्हनलात, पानी पुजल्याबिगर बाईमानसानं हिरीत उतरायचं न्हाई. आन ह्या?"

"त्या म्याडम हायेत."

"म्याडम बाई नसती व्हय?"

कुंडलिकनं यारीवाल्याला उगीचच काहीतरी ओरडून सांगितलं.

दुसरा परस

पिवळा पोयटा, मधे मधे चुनखडीचे खडे. आणि या थरात ठकूबाईचा प्रश्न.

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा अख्खी आळी अंगणात झोपली होती. थंडी पडली तसे सगळे आत गेले. ठकूबाई अजून ओसरीवर झोपते. तिनं तलाठ्याला विचारलं, मास्तरांना विचारलं, डिंभ्याच्या धरणावरच्या साहेबाला विचारलं: हितं कधी हललंय का? तलाठी हसला. मास्तर म्हणाले, घाबरू नका. साहेब म्हणाला, धरण मजबूत आहे.

ती घाबरली नव्हती. तिनं विचारलं होतं.

स्नेहल वर आली, तेव्हा तिलाही विचारलं.

"माहीत नाही," स्नेहल म्हणाली.

हे उत्तर ठकूबाईला पहिल्यांदाच मिळालं. तिनं चुलीवर चहा ठेवला.

तिसरा परस

हातभर जाडीचा पांढरा थर. स्नेहलनं चिमूटभर जिभेवर ठेवला, दातांत करकरला. एक ढेकूळ ओढणीत बांधून ती वर आली.

"ही राख आहे. ज्वालामुखीची."

"कुठल्या?" ठकूबाई म्हणाली. "आपल्याकडं कुठं हाय?"

"आपल्याकडची नाही. सुमात्राहून उडून आलेली. कुणी म्हणतं पंच्याहत्तर हजार वर्षांपूर्वी, कुणी म्हणतं त्याच्याही फार आधी. भांडण चालू आहे अजून."

"सुमात्रा म्हंजी ते टीव्हीत दाखवलं ते? लाट उठली ते?"

"तेच."

ठकूबाईनं ढेकूळ हातात घेतलं, उलटंपालटं केलं. "आन आमी हिनं भांडी घासतोय. दरडीतनं आनून."

दक्षिणेला आणि पश्चिमेला या राखेचा तळ चुरगळलेला होता, न झटकता वाळत टाकलेल्या धोतरासारखा. पूर्वेला झरा होता, त्यानं सगळं धुऊन नेलं होतं. उत्तरेची, नदीकडची बाजू सारखी सुटत होती. तिकडं कुणी फिरकायचं नाही असं सावळेराम बजावून गेला होता.

संध्याकाळी जानकू आला. त्याची मेंढरं दर उन्हाळ्यात कुंडलिकच्या रानात बसायला असतात, खतासाठी. त्यानं स्नेहलच्या कॅमेऱ्यावरचे फोटो पाहिले.

"ह्यात काय? मेंढरं पानी प्यायला उतरली की चिखलाचं आसंच हुतंय."

"तेव्हा मेंढ्या नव्हत्या, जानकूभाऊ. हरणं होती, रानगाई होत्या."

"पर खूर तर व्हतं ना?"

कुंडलिक मोठ्यानं हसला. स्नेहलला हसू आलं नाही. अशा तुडवलेल्या चिखलाबद्दल तिनं वाचलं होतं, परदेशातल्या कुठल्या तरी हत्तींच्या कळपाबद्दल. वाचून पान उलटलं होतं.

परत काठ

खुरानं काय होतं आणि हादऱ्यानं काय होतं, दोन्ही करून बघायचं ठरलं. चिखल पहिला. नदीच्या कडेला खड्डा केला. गाळ, वर राख, वर पुन्हा गाळ, आणि भरपूर पाणी. जानकूनं शीळ घातली. मेंढ्या खड्ड्यापर्यंत आल्या आणि थांबल्या. पुढं जाईनात.

"पांढरं बघून बिचकत्यात," जानकू म्हणाला आणि एका मेंढीला मानेला धरून स्वतःच चिखलात उतरला. मग सगळ्या आल्या. त्यांच्याबरोबर त्याची चप्पलही आत राहिली.

चिखल दुसरा. स्नेहलनं पुण्याहून माशांची काचेची पेटी आणली होती. तेच थर तिच्यात भरले. पेटी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ठेवली आणि कुंडलिक पिंपरी पेंढारच्या रस्त्याला लागला.

"खड्डं चुकवू का?"

"एकही चुकवू नका."

"लई दिवसांनी कुनीतरी ह्या रस्त्याचं कौतिक केलं, राव."

परत आल्यावर सगळे पेटीभोवती बसले. राखेचा तळ वेडावाकडा झाला होता. खालचा गाळ जिभेसारखा वर घुसला होता. मग मेंढ्यांचा चिखल थोडा सुकू देऊन थापीनं उभा कापला. तिथं राख खाली दाबली गेली होती, कडांना चिमटल्यासारखी वर आली होती. आणि तळाशी, सपाट, जानकूची चप्पल.

ठकूबाईनं आधी एका चिखलाकडं पाहिलं, मग दुसऱ्याकडं. "येगळं हाय."

"वेगळं आहे," स्नेहल म्हणाली. "पण भिंतीवर दोन्ही थोडं थोडं आहे. मला नक्की सांगता येत नाही."

"मग नक्की कशानं हुईल?"

"कळप आला तर चालतो तेवढंच तुडवतो. जमीन हलली तर सगळीकडं हलते. दोन बाजू बघितल्या, एक धुपलीय. नदीकडची बघायला मिळाली आणि तिथं थर सपाट निघाला, तर खूर. माझं काम संपलं."

"आन सपाट नसंल तर?"

"तर संपलं नाही. एवढंच."

इथं थर नाही

नदी कधी कधी आपलाच गाळ कापून नेते. मग वरचा थर आणि खालचा थर एकमेकांना लागून दिसतात आणि मधलं काय गेलं ते कळत नाही. स्नेहल पुण्याला संस्थेच्या बैठकीला गेली होती. त्यातलं एकच वाक्य उरलं: "हो की नाही, एवढं पुढच्या आठवड्यात सांगा."

पुन्हा तिसरा परस, वरून

ती परतली तर सावळेरामनं काम सुरू केलं होतं. माती सुटते म्हणून सगळ्यात आधी त्यानं नदीकडच्या बाजूला आधाराला दगड रचले होते, पांढरा थर झाकून त्याच्याही वर.

सावळेराम: बघा म्याडम, कसं बसलंय. हलनार न्हाई आता.

स्नेहल: थोडे दगड काढता येतील का?

सावळेराम: (कुंडलिकला) ऐकलं का? बांदलेलं काढा म्हनत्यात.

कुंडलिक: न्हाई वो म्याडम. तुमी म्हनला तवा थांबलो. मेंढरं घातली चिखलात, ट्रॅक्टर फिरवला. पर ती बाजू आत आली तर माजी हीरच गेली.

स्नेहल: बरोबर आहे तुमचं.

(ती जीपकडं वळते. हे आपण का बोललो ते तिला कळत नाही, पण त्याचं बरोबरच असतं.)

ठकूबाई: मिस्त्री, झऱ्याला भोकं ठेवतोस ना दगडात?

सावळेराम: ठेवतो की. पानी यायला नगं का?

ठकूबाई: नदीकडनं किती ठेवनार?

सावळेराम: दोन-तीन.

ठकूबाई: मग त्यातलं एक पांढऱ्यापाशी ठेव, तेवढ्यापुरतंच दगड काढून. जरा मोठं. डोकं जाईल एवढं.

सावळेराम: ती खिडकी झाली, वहिनी. हिरीला कुनी खिडकी ठेवतं व्हय? पडदाबी लावू का?

कुंडलिक: अगं, पर...

ठकूबाई: वर आडवा लांब दगड टाकला तर भार कुनावर येतोय, मिस्त्री?

सावळेराम: (डोकं खाजवत) कडंच्या दगडांवर.

ठकूबाई: मग काय पडतंय? आन अवो, बारा वर्सं झाली मी ओसरीवर झोपतीय. तुमी कदी इचारलंत का, का म्हनून?

(कुंडलिक दगडांच्या ढिगाकडं जातो. ढीग उपसून एक लांब दगड ओढून काढतो.)

तिसरा परस

खिडकी झाली. यारी तयार होती, बकेट रिकामी होती. स्नेहल काठावर उभी राहिली आणि तिचे पाय पुढं होईनात.

"जा की," ठकूबाई म्हणाली.

"मावशी, सपाट असेल तर?"

"तर सपाट." ठकूबाईनं पदर खोचला आणि स्वतः बकेटमध्ये पाय टाकला.

"अगं ए! पानी पुजलं न्हाई आजून!" कुंडलिक ओरडला.

"मी आता म्याडम हाय. सोडा दोर."

यारी कुरकुरली. काळी माती गेली, पिवळी गेली. स्नेहलनं दिलेला टॉर्च खाली लागलेला दिसला, खिडकीत गेला आणि तिथंच राहिला.

"काय दिसतंय?" स्नेहलनं विचारलं.

"थांब."

"सपाट आहे का?"

"सपाट न्हाई." आवाज विहिरीत घुमून वर येत होता. "तुजी ती काचंची पेटी. तसंच हाय. जिभा वर आल्यात. ह्या कडंपासनं त्या कडंपर्यंत."

स्नेहल काठावरच खाली बसली. जानकूनं तिला पाण्याचा तांब्या दिला. तिनं तो हातात धरला, पाणी प्यायली नाही.

"आन पोरी, अजून एक हाय. मधीच एक खड्डा हाय. दोन बोटांचा. खूर हाय बघ!"

"हां!" जानकू म्हणाला. "मी काय म्हनत व्हतो?"

दुसऱ्या फेरीला स्नेहल उतरली. दोघी एकमेकींना खेटून बकेटमध्ये उभ्या राहिल्या, डोकी खिडकीशी. टॉर्चच्या उजेडात राख चमकत होती. खुरानं ती दाबली होती, पण सपाट राख दाबली नव्हती. आधीच चुरगळलेल्या जिभा त्यानं वरून मोडल्या होत्या आणि खड्ड्यात वरचा पिवळा गाळ येऊन बसला होता.

"आधी हललं," स्नेहल हळूच म्हणाली. "मग कोणीतरी आलं."

"नक्की?"

"असावं. एका विहिरीवरून ठरत नाही, मावशी. अजून भिंती बघायला लागतील. पण नाही म्हणता येत नाही आता."

"म्हंजी हितं हललं." ठकूबाईनं खुराच्या कडेवर बोट टेकवलं आणि लगेच काढलं, दुखेल असं वाटल्यासारखं. "आन हलल्यावर हे पानी प्यायला आलं. त्याच दिवशी आलं आसंल का?"

"चिखल ओला होता तोवर. त्याच दिवशी, नाहीतर पुढच्या पुरानंतर. माहीत नाही."

"भ्यालं आसंल?"

स्नेहलनं टॉर्च आणखी जवळ नेला. खूर खोल गेला होता, पण घसरलेला नव्हता. दोघी आणखी वाकल्या.

"म्याडम!" वरून सावळेरामचा आवाज आला. "बघून झालं का? बुजवू ते?"

"थांब रं जरा!" ठकूबाई खालून ओरडली. "आमी वाचतोय."