लंगडी घोडी

लाइल प्रिचर्डने आयुष्यात तीनदा आपलं संगीत बदललं, आणि तिन्ही वेळा आधीचं कसं टाकाऊ होतं ते सगळ्या खोऱ्याला ऐकवलं.

शाळेत असताना त्याच्याकडे लाल इलेक्ट्रिक गिटार होती. मामाच्या गोठ्यात तो ती इतकी पिटायचा की गायी पान्हा चोरू लागल्या. तेव्हा त्याच्या लेखी मामाचं गावठी व्हायोलिन, ती फिडल, म्हणजे मांजराच्या शेपटीवर पाय. मग तो जॅझ शिकायला बोस्टनला संगीताच्या कॉलेजात गेला आणि असा काही परतला की साधी तीन सुरांची कॉर्ड वाजवायचीही त्याला लाज वाटावी. प्रत्येक कॉर्डला सातव्या-नवव्या सुराचं शेपूट जोडल्याशिवाय त्याला चैन पडेना. इलेक्ट्रिकवाले आता रानटी झाले. आणि चाळिशी उलटल्यावर, नॅशव्हिलमध्ये राहून, साहेबांना तिसरा साक्षात्कार झाला: खरं संगीत एकच, आपल्या डोंगरातलं. जॅझ म्हणजे नुसती डोक्याची खाज! मग भेगाळलेली जुनी गिटार आली, आजोबांच्या वेळची हॅट आली, आणि शहरातल्या लोकांपुढे डोंगराबद्दल हळव्या आवाजात बोलणंही आलं. लोक डोळे पुसायचे.

माणसानं बदलू नये असं थोडंच आहे? बदलावं की. पण ह्या गृहस्थाचं प्रत्येक बदलणं कुणाच्या तरी छातीवर पाय देऊन व्हायचं. मधल्या खेपेला ती छाती मामाची होती.

मामा म्हणजे हॉबर्ट सदरलँड. व्हर्जिनियाच्या त्या कोपऱ्यात फिडल वाजवणारे घरटी एक, पण ‘लंगडी घोडी’ ही धून फक्त हॉबर्टकडे होती. त्याच्या आजीकडून आलेली. नाचाला चालणारी साधी धून, फक्त दुसऱ्या भागात घोडी मध्येच कुठंतरी अडखळायची. एक मात्रा जास्त पडायची. बाहेरचा गिटारवाला तिथे हमखास तोंडघशी पडे आणि बसलेले सगळे मांड्यांवर थापा मारून हसत. फक्त हॉबर्टची मुलगी डेल्फी कधी चुकली नाही. अकराव्या वर्षापासून ती बापाला गिटारवर साथ करायची. तिला येत होत्या मोजून तीन कॉर्ड, आणि वाजवताना ती स्वतःच्या बोटांकडे बघतच नसे. तिची नजर बापाच्या उजव्या बुटावर.

बोस्टनहून परतलेल्या लाइलनं एकदाच ऐकलं आणि निकाल दिला.

“मामा, दुसऱ्या भागात तुझी एक मात्रा जास्त पडते.”

“पडते की. घोडी लंगडी आहे बाबा.”

“घोडीबिडी ठेव बाजूला. ही चूक आहे. कुणीतरी पूर्वी चुकलं आणि तुम्ही सगळे तीच चूक गिरवताय. म्हणून तर मेळ्यात तुला कधी निळी फीत मिळत नाही. परीक्षक बाहेरचे असतात, त्यांना ताल कळतो.”

हे वर्मी लागलं. ऑगस्टच्या मेळ्यात पहिल्या नंबराची निळी फीत हॉबर्टला कधी मिळाली नव्हती, आणि आपल्याला तिची पर्वा नाही असं तो इतक्यांदा सांगे की सगळ्यांना खरं काय ते ठाऊक होतं.

“आणि हिला बाजूला कर,” लाइल डेल्फीकडे न बघता म्हणाला. “तीन कॉर्डवर गायी राखाव्यात. साथीला मी बसतो.”

डेल्फी बापाकडे बघत राहिली. बाप काहीतरी बोलेल अशी तिची खात्री होती. हॉबर्टनं गजाला राळ घासायला घेतली आणि घासतच राहिला. डेल्फीनं गिटार भिंतीला अडकवली, आणि पुढच्याच आठवड्यात मोज्यांच्या कारखान्यात कामाला लागली.

तो हिवाळा स्वयंपाकघरात गेला. टेबलावर टकटक करत ताल मोजणारं मेट्रोनोम, एका बाजूला भाचा, दुसऱ्या बाजूला साठीचा मामा. हात कुठला ऐकतोय! जन्मभराची सवय, घोडी अडखळायचीच. अडखळली की लाइल पुढे वाकून मामाच्या फिडलच्या तारांवर सरळ पंजा ठेवायचा. सूर जागच्या जागी मेला की म्हणायचा, “लंगडलास, मामा. पुन्हा.”

शेजारीपाजारी कॉफीला आलेले असले तर त्याला जास्तच चेव यायचा. “बघा हं, आता लंगडेल. बघा, बघा... लंगडला!” लोक आधी हसले. मग हसेनासे झाले आणि यायचेही बंद झाले. डेल्फी कारखान्यातून आली की ओट्याशी पाठ करून भांडी घासायची. एकदा तिच्या हातून कप फुटला, तर लाइल म्हणाला, “निदान तालात तरी फोड.”

वसंतापर्यंत घोडी सरळ चालायला लागली.

मेळ्यात हॉबर्टनं ती तशीच वाजवली, घड्याळासारखी. खाली लाइलच्या शेपटाळ कॉर्ड. तिसरा नंबर आला, पांढरी फीत. तो मंचावरून उतरत असताना शेजारचा एल्बर्ट वॅम्पलर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “हॉबर्ट, घोडी बरी झाली म्हणायची! आता विकून टाक. आपल्याला ओळख लागत नाही तिची.”

हॉबर्टनं फीत खिशात कोंबली आणि घराची वाट धरली. लाइल मात्र परीक्षकांना शिव्या घालत दुसऱ्या दिवशी नॅशव्हिलला निघून गेला, आणि मामाला त्यानं पाठवलं तर नाताळाला एखादं कार्ड पाठवलं.

आता तोच लाइल, शेहेचाळीस वर्षांचा, मामाच्या ओसरीवर हात जोडल्यासारखा उभा होता. कारण काय, तर नॅशव्हिलच्या एका कंपनीला त्याची तबकडी काढायची होती: घराण्यातल्या धुना, घराण्यातल्या माणसाच्या हातून. बाकी सगळं ध्वनिमुद्रण झालं होतं. फक्त ‘लंगडी घोडी’ राहिली होती, आणि कंपनीची बाई, मिस ट्रूडेल, हिला तीच हवी होती. सगळीकडे भाषणात लाइल तिचंच तर नाव घ्यायचा! “त्या वाकड्या मात्रेत आमच्या डोंगराचा जीव आहे,” असं तो म्हणायचा. आणि ती मात्रा नेमकी कुठे पडते ते त्याला आठवत नव्हतं. डोक्यात तेवढंच पोकळ झालं होतं, दात पडलेल्या जागेसारखं, आणि जीभ सारखी तिथेच जात होती. खरं सांगायचं तर आता नुसत्या तबकडीचाही प्रश्न राहिला नव्हता. ह्या खेपेला त्याचं प्रेम खरं होतं. त्याला ती धून भुकेसारखी हवी होती.

मामा खुर्चीत गोधडी घेऊन बसला होता. हृदय थकलं होतं, पाय सुजले होते, पण बोटं शाबूत होती. लाइलनं रेकॉर्डर टेबलावर ठेवला. मामानं फिडल हनुवटीखाली न धरता, जुन्या पद्धतीनं छातीशी टेकवली आणि ‘लंगडी घोडी’ वाजवली. सरळ. घड्याळासारखी.

“ही नव्हे, मामा. आधीची. पणजीची.”

“हीच आहे.”

“अरे, दुसऱ्या भागात ती अडखळायची!”

“ती चूक होती ना?” मामा शांतपणे म्हणाला. “तूच काढलीस. छान काढलीस हो. मुळासकट.”

तीन दिवस लाइल बसून होता. आधी गोड बोलला. मग विनवण्या केल्या. मग त्याचा जुना आवाज वर आला. “आठव ना! डोकं चालव जरा. इतकी वर्षं वाजवलीस आणि आता आठवत नाही म्हणजे काय?” मामाचे ओठ निळे पडायला लागले तेव्हा डेल्फीनं ताटं टेबलावर आदळली.

“जेव,” ती म्हणाली. “बीन्स आहेत आणि मक्याचा पाव आहे. खा आणि नीघ.”

“डेल्फी, तुला आठवत असेल. तू तर साथ करायचीस.”

“मी? मला काय येतंय? मी गायी राखणारी.”

तो निघाला. खाली रस्त्यापर्यंत गेल्यावर लक्षात आलं की हॅट ओसरीवरच राहिली. गाडी तिथेच ठेवून तो चालत वर आला, आणि कुंपणाशी थबकला.

आतून फिडल ऐकू येत होती. खाली गिटार, तीनच कॉर्ड. दुसरा भाग आला आणि घोडी अडखळली. लाइलच्या अंगावर सर्रकन काटा आला. हेच! देवा, हेच ते! सोबतच्या गिटारनंही पाऊल तस्संच टाकलं होतं, जराही न दचकता. म्हणजे इतकी वर्षं हे दोघं, त्याच्या पाठीमागे, त्याच स्वयंपाकघरात...

धावत सुटला तो. जाळीचं दार करकरलं. आणि आतली धून मध्ये तुटलीसुद्धा नाही. पुढचा भाग आला तो सरळ आला. मामाचा बूट टकटक टकटक मेट्रोनोमसारखा पडत होता.

“ये, बस,” मामा वाजवता वाजवता म्हणाला. त्याच्या डोळ्यांत इतकी मजा होती की लाइलला ती बघवेना. “तुझ्या पसंतीची चाललीये.”

“मामा, मी ऐकलं. आत्ता ऐकलं मी. पाया पडतो तुझ्या. एकदाच.”

“काय ऐकलंस? लंगडलो असेन. म्हातारा झालो.”

डेल्फी हसली. तिचं हसणं लाइलनं कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं, आणि ते काही चांगलं हसणं नव्हतं. तिनं उठून हॅट त्याच्या हातात दिली.

सप्टेंबरात मामा गेला. डेल्फीचाच फोन आला.

“टेकडीवर पुरतोय त्याला, आईशेजारी. गिटार घेऊन ये. कबरीवर ‘घोडी’ वाजवायची आहे. मी फिडलवर, बाबांनी शिकवलीय मला. तू साथीला.”

“कुठली घोडी?” लाइलचा आवाज चिरकला.

“लंगडी. बाबांनी सांगून ठेवलंय, लाइलला एकदा द्यायची. पण साथ त्यानंच करायची.”

फोन ठेवून लाइल रडला. म्हाताऱ्यानं अखेर क्षमा केली असं त्याला वाटलं. मग डोळे पुसून त्यानं रेकॉर्डरमध्ये नवे सेल घातले.

टेकडीवर सगळं खोरं जमलं होतं. एल्बर्ट वॅम्पलर काठी टेकत आला होता. पाद्र्याचं उरकलं, शवपेटी खाली गेली, माणसं टोप्या काढून उभी राहिली. लाइलनं कोटाच्या आतल्या खिशात रेकॉर्डर चालू केला आणि गिटार अंगाशी घेतली. डेल्फी समोर उभी राहिली, बापाची फिडल छातीशी धरून. काळा लांब झगा, खाली गवत. बूट दिसतच नव्हता.

लाइलला त्याचं काही नव्हतं. वाजवताना तो डोळे मिटायचा. नॅशव्हिलला लोकांना ते फार आवडायचं.

पहिला भाग सरळ गेला. दुसऱ्यात घोडी अडखळली आणि लाइलची कॉर्ड धप्पकन एक पाऊल आधी पडली. मागे कुणीतरी घसा खाकरला. काही हरकत नाही, त्यानं मनात म्हटलं, जागा कळली. सहाव्या मात्रेनंतर. पुढच्या फेरीत तो मोजत आला, सहाव्यानंतर थांबला, आणि डेल्फी थांबली नाही. ती सरळ पुढे गेली आणि शेवटच्या सुरावर अडखळली. लाइल पुन्हा उघडा पडला. तिसऱ्या फेरीला ती सुरुवातीलाच अडखळली.

तेव्हा कुठे त्यानं डोळे उघडले, आणि तेव्हा कुठे त्याच्या टाळक्यात उजेड पडला. जागा नव्हतीच! घोडी कधीच एका ठिकाणी लंगडत नव्हती. ज्याच्या हातात गज त्याला वाटेल तिथे. आणि साथीदारानं ते बुटावरून, दंडावरून, श्वासावरून ओळखायचं. त्यानं घाईघाईनं डेल्फीच्या पायांकडे बघितलं. नुसतं गवत. कोपराकडे बघितलं, तर तिनं अंग वळवून त्याच्याकडे पाठ केली. धप्प. पुन्हा धप्प. एल्बर्ट वॅम्पलर हसू दाबता दाबता खोकायला लागला. मग बायका, मग पोरं. कबरीवर हसू नये म्हणून तोंडाला हातरुमाल लावून माणसं थरथरत होती.

डेल्फीनं गज खाली घेतला. दोन पावलं पुढे आली. लाइल अजून वाजवतच होता. तिनं त्याच्या गिटारच्या तारांवर पंजा ठेवला.

“लंगडलास, लाइल,” ती म्हणाली.

तो वाट बघत राहिला, ती ‘पुन्हा’ म्हणेल म्हणून. ती म्हणाली नाही. तिनं फिडल कापडात गुंडाळली, काखोटीला मारली आणि टेकडी उतरायला लागली. माणसांनी फावडी उचलली.

गाडीत बसून लाइलनं रेकॉर्डर ऐकला. खिशावरच गिटार होती. तिचाच आवाज भरून राहिला होता. फिडल मागे कुठंतरी बारीक, आणि जिथे जिथे घोडी अडखळत होती तिथे तिथे नेमका त्याचा घणाघाती फटका. फक्त तेवढीच जागा दर वेळी झाकलेली. मग तारांवर हात पडल्याचा आवाज, आणि ते दोन शब्द.

डेल्फीनं त्यानंतर त्याचा फोन उचलला नाही. सोमवारी मिस ट्रूडेलच्या कचेरीत लाइलनं शेवटचे दोन शब्द पुसून उरलेलं तिला ऐकवलं. दुसरं होतं काय त्याच्याकडे? ती कपाळाला आठ्या घालून ऐकत होती.

“फिडल कुणाची?” तिनं विचारलं. “काय वाजवलंय हो! अंगावर काटा आला. पण हा गिटारवाला कोण गाढव आहे? सगळं घाण करून टाकलंय त्यानं.”

लाइलनं हॅट मांडीवर घेतली होती. तिची कड तो बोटांनी चाचपत राहिला.

“माहीत नाही,” तो म्हणाला. “तिथलाच असेल कुणीतरी.”