होडीखालचा गाडा

मित्रांनो, आधी राणीला पाहून या. सगळे तेच करतात. पांढरीशुभ्र, निळ्या पट्ट्याची, आत दोघांना झोपता येईल एवढी खोली असलेली होडी. ती समोर धक्क्याला बांधलेली आहे. आलात पाहून? आता जरा इकडे या आणि या ताडपत्रीखाली वाकून बघा. मी एक जुना गाडा आहे. मोटारीच्या मागे जोडून होडी नेतात ना, तो दोन चाकांचा लोखंडी गाडा. बावीस वर्षं मी राणीला पाठीवर वाहिलं आणि बावीसही वर्षं तिचा हेवा केला. आता लपवून काय उपयोग?

राणीला बाबांनी बांधलं. ते पेशाने सुतार. दीड वर्ष ते तिच्यासाठी खपत होते, रंध्याने एकेक फळी लोण्यासारखी गुळगुळीत करत होते. मी मात्र वेल्डरच्या शेडमध्ये चार दिवसांत तयार झालो. "होडीच्या मापाचा बनव," एवढंच बाबा त्याला म्हणाले. म्हणजे बघा, माझं मापसुद्धा माझं नव्हतं. राणी पहिल्यांदा पाण्यात उतरली त्या दिवशीचा एक फोटो आहे. त्यात राणी आहे, बाबा आहेत, त्यांच्या दोन्ही मुली आहेत. कोपऱ्यात माझं अर्धं चाक आलं आहे, तेही चुकून.

दर रविवारी आम्ही तळ्यावर जायचो. पाण्यात आधी मी शिरायचो, चाकं बुडेपर्यंत. मग राणी माझ्या पाठीवरून घसरायची, तरंगायची, आणि काठावरची माणसं "वा, वा!" करायची. मला कुणीतरी ओढून बाहेर काढायचं आणि झाडाखाली लावून द्यायचं. दिवसभर तिथे उभं राहून मी तिचं मिरवणं बघायचो. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एक सुख मात्र मला होतं. तळ्यावर पोचल्या पोचल्या बाबा राणीकडे जात नसत. आधी माझ्याकडे येत, उकिडवे बसत आणि हाताची उलटी बाजू माझ्या चाकाच्या मध्यावर टेकवत. लांब पळून आलं की चाक तिथे तापतं. तापलेलं चाक तसंच गार पाण्यात घातलं की आतली हवा आक्रसते आणि पाणी आत ओढून घेते. मग आतलं ग्रीस बिघडतं आणि चाक कधी दगा देईल सांगता येत नाही. "हाताला सोसेपर्यंत थांबायचं," असं बाबा थोरलीला शिकवत. थोरली त्यांच्या शेजारी बसून आपलाही हात टेकवून बघायची. धाकटी तेव्हा वर राणीत बसलेली असायची, नारिंगी जाकीट घालून, राजकन्येसारखी. थोरली मधूनच मान वर करून तिच्याकडे बघायची. ते बघणं मला चांगलं ओळखू यायचं. मीही तसाच बघायचो.

बाबा गेले आणि सगळं थांबलं. दोन वर्षं आम्ही अंगणात पडून होतो. राणीवर ही जाड ताडपत्री घातली होती. माझ्या उघड्या दांडीवर काय होतं? कावळे. माझ्या कमानी गंजल्या, चाकात पाणी जाऊ न देणारं मागचं रबर तडकलं, आणि त्याची कुणाला गंधवार्ता नव्हती.

मग धाकटीची बदली झाली, आठशे किलोमीटर लांब, एका मोठ्या तलावाच्या गावी. तिथल्या धक्क्यावर तिने राणीसाठी कायमची जागा मिळवली. गाडी थोरली चालवणार होती, कारण मागे ओझं जोडून चालवणं तिलाच जमायचं. धाकटी माझ्याच दांडीवर येऊन बसली आणि वहीत बेत लिहू लागली.

"ताई, एका दिवसात आठशे नाही व्हायचे. मध्ये मुक्काम करावा लागेल."

"लॉज बघ मग एखादं."

"लॉज कशाला? आपलं घर मागून येतंय की! अर्ध्या वाटेवर एक तळं आहे. संध्याकाळी राणीला पाण्यात उतरवायचं, तिच्यातच झोपायचं आणि सकाळी पुन्हा गाड्यावर चढवून निघायचं."

थोरली हसली. "बाबांना आवडला असता हा बेत."

धाकटीने मन लावून लिहिलं. सकाळी सहाला निघणे. तळ्याच्या राखणदाराला फोन. तिथलं फाटक सहाला बंद होतं, म्हणून पाचला पोचणे, सव्वापाचला होडी पाण्यात. अंथरुणं, कंदील, चहाचं सामान. सगळ्यात शेवटी तिने आणखी एक ओळ लिहिली आणि ती मोठ्याने वाचली: "पोचल्यावर गाडा भंगारात देणे."

"अगं, भंगारात कशाला?" थोरली म्हणाली.

"राणी आता कायम पाण्यातच राहणार. त्या सांगाड्याचं काय करायचं?"

मित्रांनो, ज्या दांडीवर बसून हे लिहिलं ती दांडी माझी होती. राणीला धक्का आणि मला भंगार. ती सबंध वाट मी मनात एकच गोष्ट घोळवत गेलो: या राणीचं काहीतरी बिनसावं. एकदा तरी बिनसावं.

रस्ता खराब निघाला. थोरली जपून चालवत होती आणि धाकटी दर तासाला घड्याळ बघून "ताई, बैलगाडी बरी" म्हणत होती. तळ्यावर पोचलो तेव्हा पावणेसहा वाजले होते. राखणदार फाटकाशी किल्ल्यांचा जुडगा वाजवत उभा होता. राणी दिसताच त्याचा चेहराच बदलला.

"काय देखणी होडी आहे हो! एवढ्या लांबून कुणी आणली?"

"मी," धाकटी म्हणाली.

तिच्या मनात काही नव्हतं. तोंडातून आपलं निघून गेलं. पण बारा तास गाडी चालवून थोरलीचे खांदे भरून आले होते, आणि तो 'मी' तिने ऐकला. ती सवयीने माझ्याजवळ आली, उकिडवी बसली आणि डाव्या चाकाला हात लावला. लावला तसा झटकन मागे घेतला. चटका बसला होता.

"ताई, दहा मिनिटं राहिलीत! उतरवायची ना?"

थोरलीने माझ्याकडे पाहिलं, मग वर राणीकडे. "बेत तुझा आहे," ती म्हणाली. "उतरव."

तिला सगळं माहीत होतं. मलाही माहीत होतं. पाण्यात शिरताना माझं चाक चर्र झालं, आणि तडकलेल्या रबरातून गार पाणी आत आल्याचं मला कळलं. खरं सांगतो, मला आनंद झाला. म्हटलं, आता बघतोच राणीबाई उद्या कशा पोचतात ते.

संध्याकाळी त्या दोघी राणीत चहा करून प्यायल्या. हसण्याचा आवाज काठापर्यंत येत होता, पण हसत होती ती एकटी धाकटी.

सकाळी राणी पुन्हा माझ्या पाठीवर चढली आणि आम्ही निघालो. तासाभराने डावं चाक गुरगुरू लागलं. मग ते तापलं, मग डुगडुगायला लागलं. पुढे उताराचं वळण होतं. मित्रांनो, तेव्हा माझ्या मनात आलं ते सांगायला लाज वाटते. एक हिसका दिला असता तर राणी रस्त्यावर पडून फुटली असती. बावीस वर्षांचा हिशेब चुकता झाला असता.

तेवढ्यात वळणावर ती कलली. तिचा सगळा भार माझ्या डाव्या अंगावर आला, आणि एवढी मिरवणारी राणी माझ्या पाठीवर चळचळा कापत असल्याचं मला जाणवलं. पाण्यावर तिचा तोरा ठीक होता. रस्त्यावर तिला माझ्यावाचून कुणी नव्हतं. मी होतं नव्हतं ते लोखंड एकवटलं आणि चाक धरून ठेवलं. तोवर थोरलीने आरशात डुगडुगणारं चाक पाहिलं आणि गाडी हळूच कडेला घेतली.

जवळच्या गावातून फिटर आला. त्याने चाक उघडलं, बोटावर ग्रीस घेतलं आणि दोघींपुढे धरलं. ते दुधासारखं पांढरं झालं होतं.

"गरम चाक पाण्यात घातलंत ना? आणखी पाच-सहा किलोमीटर गेला असतात तर चाक निखळलं असतं. ही होडी तर गेलीच असती, गाडीचंही काही खरं नव्हतं."

धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. "मला माहीतच नव्हतं हो."

"मला होतं," थोरली म्हणाली. "मी हात लावून पाहिलं होतं. मुद्दाम बोलले नाही."

"मुद्दाम?"

"तू म्हणालीस ना, मी आणली. मला राग आला. तुझं नेहमीच असं. तू वर बसायचीस आणि मी खाली चाकापाशी."

फिटर नवीन बेअरिंग आणायला गेला, तेव्हा धाकटी हळूच म्हणाली, "ताई, बाबा मला चाकाला हातच लावू द्यायचे नाहीत. 'तू वर बस, भाजेल तुला' म्हणायचे. तुम्ही दोघं खाली डोकं घालून काय बोलायचात, ते मला कधीच कळलं नाही. वरून मला तुमचे नुसते भांग दिसायचे. मला किती वाटायचं, मलाही खाली बोलवावं."

थोरली तिच्याकडे बघतच राहिली. "आणि मी मेली जन्मभर वर बघत बसले!"

दोघी रडल्या, मग हसल्या. फिटर परत आला तो त्यांना पाहून जरा गांगरलाच.

वाटेत पुढे जेवढ्या वेळा थांबलो, तेवढ्या वेळा धाकटी खाली उतरून माझ्यापाशी उकिडवी बसली. पहिल्यांदा तिने तळवा लावला. थोरली म्हणाली, "उलट्या हाताने गं." तिने उलटा हात टेकवला. बाबा गेल्यावर दोन वर्षांनी प्रेमाने लावलेला तो पहिला हात. माझं चाक गार होतं, तरी मला कढत वाटलं.

या गावी पोचलो तेव्हा माणसं नेहमीसारखी राणीभोवती जमली. कुणीतरी विचारलं, "एवढ्या लांबून कुणी आणली?"

"ताईने," धाकटी म्हणाली. "आणि या गाड्याने."

वहीतली शेवटची ओळ तिने त्याच दिवशी खोडली. मग राणीची ही ताडपत्री काढून माझ्यावर घातली. म्हणाली, "तिला आता हिची गरज नाही, याला आहे."

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणीतरी असं खालून ओझं उचलणारं असेल. त्याची स्तुती नाही केलीत तरी चालेल. निघताना आणि पोचल्यावर त्याला एकदा हात लावून बघा, तापलंय का ते विचारा. आणि ज्याला वर बसवलं आहे, त्यालाही मधून मधून खाली बोलवा.

राणीचा हेवा अजून वाटतो का? वाटतो. आताही तिच्यावर ऊन पडलं आहे आणि दोन मुलं तिचा फोटो काढताहेत. पण या ताडपत्रीला तिच्या लाकडाचा वास येतो. वारा सुटला की मी तो वास घेतो, आणि माझी पाठ फार हलकी लागते.