कॅट्रिओनाची बाटली

दुसऱ्याचं भांडं आपल्या घरी आलं, की ते लख्ख घासूनच परत करायचं, हा श्यामलाबाईंचा चाळीस वर्षांचा नेम. नागपुरात त्यावरून त्यांना कुणी नावं ठेवली नव्हती. ग्लासगोत मात्र याच नेमाने त्यांचा घात केला.

२००६ च्या दिवाळीला त्या मुलाकडे, अपूर्वकडे, आल्या होत्या. तो इथल्या एका बँकेत सॉफ्टवेअरचं काम करायचा. समोरच्या फ्लॅटमध्ये मिस्टर लेनक्स नावाचे म्हातारे गृहस्थ एकटेच राहत. मुलीचं लग्न ठरलं म्हणून त्यांनी घर रंगवायला काढलं आणि अपूर्वची मागची खोली थंड असते म्हणून आपल्या वाइनच्या चार बाटल्या तिथे आणून ठेवल्या. चारही फ्रान्समधल्या एकाच मळ्याच्या, शातो मर्लोनाकच्या. त्यातली १९७५ ची बाटली मुलीची, कॅट्रिओनाची. तिच्या जन्मसालची. शनिवारी तिच्या लग्नात ती उघडायची होती.

त्या दिवशी लेनक्स चहा घेत तासभर बोलत बसले आणि अपूर्व मराठीत सांगत गेला. त्यांची बायको मोराग आता हयात नव्हती. ती त्यांना त्याच मळ्यात भेटली होती. दोघं कॉलेजच्या सुट्टीत द्राक्षं तोडायला गेली होती. मळा दोनशे वर्षं एकाच घराण्याकडे. जमीन अशी गोट्यांची, की आपल्याकडे तिथे कुणी ज्वारीसुद्धा पेरणार नाही; पण म्हणूनच वेलीची मुळं पाणी शोधत खोल जातात. एकदा किडीने सगळ्या वेली खाल्ल्या, तेव्हा अमेरिकन मुळांवर कलमं बांधून मळा पुन्हा उभा केला. महायुद्धात जर्मन आले, तेव्हा मालकाच्या आजीने तळघरात भिंत घालून चांगला माल तिच्यामागे दडवला. द्राक्षं सालांसकट तीन आठवडे आंबवायची, दोन वर्षं ओकच्या पिंपांत मुरवायची, आणि वाइन नितळ व्हावी म्हणून तिच्यात अंड्याचा पांढरा बलक घालायचा.

"आणि पिवळ्याचं काय करतात?" श्यामलाबाईंनी विचारलं.

लेनक्स खुदकन हसले. पिवळ्याचे केक करतात म्हणाले. मोरागनेही त्या मळ्यात पहिल्याच दिवशी नेमकं हेच विचारलं होतं.

एवढं सगळं ऐकूनही श्यामलाबाईंनी सोमवारी त्या बाटल्या धुवायला काढल्या. दिवाळी तोंडावर, सगळं घर झाडून झालेलं, आणि मागच्या खोलीत धूळ आणि काळी बुरशी चढलेल्या चार बाटल्या. माणसाने विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू अशी परत द्यायची? बादलीत कडकडीत पाणी, धुण्याची पावडर आणि घासणी. वाफेने चष्मा धुरकटला म्हणून त्यांनी तो काढून ठेवला. लेबलं भिजून सुटली. सुटली तर सुटली, असंच त्यांना वाटलं. शेवटच्या बाटलीवर मात्र, छापलेल्या अक्षरांच्या खाली, पेनाने लिहिलेलं काहीतरी दिसलं. निळी शाई, तिरकं अक्षर, दोन ओळी. हात थांबेपर्यंत त्या कागदाचा लगदा झाला होता आणि अंगठ्याला निळं लागलं होतं.

संध्याकाळी अपूर्वने कपाळाला हात लावला. "आई, अगं, लेबल हीच तर तिची आयडेंटिटी असते. कोणती कुठल्या वर्षाची, कसं कळणार आता?"

पण पोरगा हुशार. त्याने इंटरनेटवर शोधून काढलं, की बुचावर साल छापलेलं असतं. तोंडावरचं वेष्टन जरासं चिरून त्याने टॉर्च मारला आणि चारही सालं वाचली. लेबलांचे फोटोही त्याला सापडले. "ऑफिसमध्ये कलर प्रिंट काढतो. झाकली मूठ सव्वा लाखाची. तू फक्त काही बोलू नकोस."

शाईचं त्यांनी त्याला सांगितलंच नाही. आधीच तो वैतागलेला, आणि त्यांची जीभ रेटेना. मग तीन दिवस जिन्यात पाऊल वाजलं, की त्या हातातलं काम टाकून दाराकडे बघायच्या. चकल्यांचे दोन घाणे करपले. लेनक्स एकदा जिन्यात भेटले, "बॉटल्स ऑल राइट?" म्हणाले, आणि यांनी नुसती मान हलवली. त्या मानेची त्यांना दिवसभर लाज वाटत राहिली.

गुरुवारी रात्री अपूर्वने लेबलं चिकटवली. हुबेहूब. शुक्रवारी सकाळी निश्चिंत मनाने तो ऑफिसला गेला. लेनक्स दुपारी बाटल्या न्यायला येणार होते. श्यामलाबाई चष्मा लावून १९७५ च्या बाटलीसमोर बसल्या. छापलेल्या अक्षरांच्या खाली कोरा पांढरा कागद होता. पेनाने लिहिलेली बाटली मुलीचीच असणार, आणि लिहिणारी तिची आई. अपूर्वला तो कोरा वाटत होता, पण ज्याच्या घरात ती बाटली इतकी वर्षं होती, त्याला वाटेल का? आणि हा माणूस उद्या भरल्या मांडवात मुलीच्या हातात ती देणार. तिथे बघेल. तिथे त्याच्या काळजात चर्र होईल.

त्या उठल्या आणि ती बाटली नळाखाली धरून, नवं लेबल सुटेपर्यंत, त्यांनी दुसऱ्यांदा धुतली. मग ती पदराने पुसून समोरच्या दारावर टकटक केलं.

"सॉरी," लेनक्सनी दार उघडताच त्या म्हणाल्या. "आय वॉश. लेबल गॉन. यॉर वाइफ राइटिंग, गॉन. माय मिस्टेक. सन, नो मिस्टेक."

लेनक्सनी बाटली हातात घेतली. सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिली. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ताज्या रंगाच्या वासात तसेच खुर्चीवर बसले आणि श्यामलाबाई दारात उभ्या राहिल्या.

बाटली मांडीवर ठेवून ते बोलू लागले, यांना कळावं म्हणून हळूहळू. बाटली घरी आली त्या दिवशी मोरागने किचनच्या टेबलावर बसून ते लिहिलं होतं. दर ख्रिसमसला ते ती बाटली बघायचे. "बट आय नेव्हर लर्न्ट इट बाय हार्ट," ते म्हणाले. "इट वॉज ऑल्वेज देअर, यू सी."

मग ते उठले, एक जाड कागद आणि पेन घेऊन आले, आणि थांबत थांबत त्यांनी एक ओळ लिहिली. ती त्यांनी वाचून दाखवली आणि हाताने खुणा करून समजावलीही: एक तास आधी उघड, बाळा, म्हणजे तिला श्वास घेता येईल. एवढंच होतं, ते म्हणाले. मला वाटतं एवढंच होतं. कागद त्यांनी बाटलीवर धरला.

"वॉज इट लाइक धिस? यू सॉ इट."

श्यामलाबाईंनी पाहिलं होतं. ओळी दोन होत्या. दुसरी आखूड होती, चार-पाच शब्दांची, आणि तिच्याखाली पेनाने रेघ ओढलेली होती. आई आधी कामाचं लिहिते आणि मनातलं शेवटी, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. अपूर्वला परदेशी धाडलेल्या प्रत्येक पत्रात त्यांनी तेच केलं होतं. लेनक्स त्यांच्याकडे बघत होते, आणि त्यांना काय ऐकायचंय ते त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

"येस," श्यामलाबाई म्हणाल्या. "सेम."