ताईतातली चिप

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी गाडी आहे आणि माझी सगळी अक्कल बोटाच्या दोन पेरांएवढ्या एका काळ्या चिपमध्ये मावते. हसू नका! माझ्या पुढच्या गालिच्याखाली एक पत्र्याची डबी आहे. तिच्यात ही चिप गोमेसारखे पाय रोवून बसते. इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं, ठिणगी कधी पाडायची, सगळं तीच ठरवते.

एकतीस वर्षांपूर्वी जर्मनीतल्या कारखान्यात माझा जन्म झाला. दहा वर्षांनी मी दूर पूर्वेला, डोंगरांच्या पायथ्याशी असलेल्या कारा-बाल्टा गावात आले आणि सगीनबेकची झाले. त्याच्या म्हाताऱ्या आईनं, उलकाननं, दृष्ट लागू नये म्हणून आर्चा या सुवासिक डोंगरी झाडाच्या जळत्या डहाळीचा धूर माझ्याभोवती फिरवला आणि आरशाला चामड्याचा तिकोनी ताईत बांधला. तेव्हापासून आमचं काम एकच. कारा-बाल्टातून प्रवासी घ्यायचे, तो-आशूचा घाट चढायचा, माथ्यावरचा बोगदा ओलांडायचा आणि पलीकडे सूसामीरला उतरायचं. माझ्यातून नवऱ्या मुली सासरी गेल्या. एकदा तर माझ्या डिकीत मेंढी व्याली! लोक दार लावताना माझ्या टपावर थाप मारायचे आणि म्हणायचे, "शाबास!"

मग प्रवासी गाड्यांच्या अड्ड्यावर नव्या जपानी व्हॅन आल्या. त्यातलीच एक मुकाशची.

"सगीनदादा," तो सगळ्यांदेखत ओरडायचा, "तुमची आजीबाई घाट चढेपर्यंत माझे प्रवासी जेवून, ढेकर देऊन झोपलेले असतात!"

अड्डा हसायचा. सगीनबेकही हसायचा. पण नंतर माझं दार जरा जोरातच आपटायचा.

एके दिवशी तो मला ताबिल्दी मिस्त्रीकडे घेऊन गेला. ताबिल्दीनं फडक्यावर तीन चिपा मांडल्या.

"ही पहिली थोडाच जोर वाढवते, पण मिळेल ते पेट्रोल चालतं. दुसरीला भारीतलंच पेट्रोल लागतं. तिसरी पळवते! पण दादा, तुमची वाट घाटाची ना? वर हवा विरळ होते, तसं पेट्रोलही कमी सोडावं लागतं. तुमची जुनी चिप ते करते. या तिसरीला ते जमत नाही. माझं ऐकाल तर पहिली घ्या."

बरोबर होतं हो त्याचं! पण मुकाश तिथेच व्हॅनचं चाक बदलून घेत उभा होता.

"पहिलीच घ्या, दादा," तो म्हणाला. "म्हाताऱ्या माणसानं जपून राहावं."

सगीनबेकचे कान लाल झाले. "घाट मला कुणी शिकवू नका. एकवीस वर्षं चढतोय. ताबिल्दी, तिसरी बसव."

खोटं कशाला बोलू? त्या संध्याकाळी सपाट रस्त्यावर मी उडालेच. मला वाटलं, मी पुन्हा तरुण झाले! घरी येऊन सगीनबेकनं जुनी चिप राखेच्या बादलीत टाकली. जरा वेळानं उलकान बादली रिकामी करायला आली. तिनं ती चिप उचलली, ओढणीला पुसली आणि माझ्या आत येऊन बसली. ताईताची शिवण उसवून चिप आत घातली आणि पुन्हा टाके मारले. "एवढी वर्षं माझ्या लेकाला घरी आणलंस," ती पुटपुटली, "राखेत कशाला मरशील?"

हे फक्त मी पाहिलं.

सकाळी सूसामीरहून फोन आला. उलकानची धाकटी बहीण तुरसुन गेली होती. दुपारच्या नमाजानंतर दफन होणार होतं. आमच्याकडे बायका कबरीपर्यंत जात नाहीत. मयत दारातून उचललं की त्यांची भेट संपली.

"तिला मी पाठीवर बांधून वाढवलंय रे," उलकान वाटभर एवढंच म्हणत होती. "एकदा तोंड बघू दे."

मी जीव तोडून चढत होते. पण जसजशी हवा विरळ झाली तसतसा माझा श्वास कोंडू लागला. नवी चिप पेट्रोल ओततच होती, ओततच होती! माझ्यामागे काळा धूर सुटला आणि बोगद्याच्या खालच्या वळणावर मी बंद पडले.

सगीनबेकनं प्लग काढले, पुसले, पुन्हा लावले. मी शंभर पावलं गेले आणि पुन्हा मेले.

"पेट्रोलात भेसळ आहे," तो म्हणाला.

तेवढ्यात मुकाशची व्हॅन थांबली. आज त्यानं थट्टा केली नाही. "दादा, तुमच्या मावशींचं कळलं मला. एक जागा आहे. आईंना घेऊन जातो."

उलकाननं गाठोडं उचललं. पण सगीनबेक चटकन म्हणाला, "काही नाही रे, जरा तापलीय. तू हो पुढे, बोगद्यातच गाठतो तुला."

लेकाच्या शब्दावर उलकाननं गाठोडं परत मांडीवर घेतलं. व्हॅन गेली.

मित्रांनो, त्यानंतरचा तास मी कसा काढला, काय सांगू! सगीनबेक पंप ठोकत होता, नळ्या फुंकत होता, शिव्या देत होता. त्यानंतर फक्त भरलेले ट्रक गेले. एकही थांबला नाही. आणि माझी जुनी चिप त्याच्या डोळ्यांसमोर, आरशाला लटकून वाऱ्यावर हलत होती! मला ओरडायचं होतं, पण माझा हॉर्नसुद्धा त्याच्याच हातात. उन्हं वर चढली तशी उलकान पुन्हा पुन्हा सूर्याकडे बघू लागली.

शेवटी सगीनबेक रस्त्यावरच बसला. "आई, पेट्रोल चांगलं आहे. चूक माझी आहे. ताबिल्दी नको म्हणत होता. मी मुकाशसमोर मोठेपणा करून नवी चिप बसवली. जुनी राखेत टाकली."

"कुठली? ती काळी, गोमेसारखी?"

"हो. का गं?"

उलकाननं ताईत ओढून काढला आणि दातांनी दोरा तोडला. आतली चिप तिनं त्याच्या तळहातावर ठेवली.

"मग तासभर तोंड शिवून का बसला होतास रे?"

जुनी चिप बसली आणि कोरडे केलेले प्लग लावताच मी सुरू झाले. तशी मी आयुष्यात कधी धावले नाही.

पोहोचलो तेव्हा माणसांनी जनाजा खांद्यावर घेतला होता. सगीनबेक "मावशी गं, माझी मावशी!" असा टाहो फोडत धावला आणि खांदेकरी क्षणभर थबकले. तेवढ्यात उलकानचा तळहात बहिणीवर गुंडाळलेल्या जाड लोकरी नमद्याला लागला. तोंड दिसलं नाही. माणसं पुढे निघाली.

आमच्याकडे मयताला आलेल्या बायकांना आठवण म्हणून कापड फाडून वाटतात. उलकानच्या वाट्याला निळा तुकडा आला. आता ताईतात तो आहे. बोगद्याखालचं ते वळण आलं की सगीनबेक माझा वेग कमी करतो आणि उलकान काचेबाहेर बघत राहते.

मित्रांनो, जुन्या वस्तूला नवं काही बसवण्याआधी तिची वाट कुठली, हे आठवा. आणि चुकलात तर त्याच वळणावर सांगून टाका, तास जाऊ देऊ नका. मला तोंड नव्हतं, म्हणून मी गप्प राहिले. तुम्हाला आहे.