तुरीचं विरजण

वैरागच्या शिवारात रंभाबाईच्या बियाण्याला तोड नव्हती. राख चोळून गाडग्यात ठेवलेला दाणा वर्षानं काढला तरी लखलखायचा. कुणाच्या बियाण्याला बुरशी दिसली, की ही बाई चारचौघींत त्याची शोभा करायची. एवढा तोरा असून तिच्याच रानातली तूर फुलावर येऊन उभीच्या उभी वाळायची. माहेरून आणलेल्या पांढऱ्या तुरीचं आता एकच गाडगं उरलं होतं. तेही मेलं की आईचं बी संपलं.

१९३५ साली शेतकी खात्यातले कमलाकरराव हिरवी बुरशी चढलेली ज्वारी बाटलीत घालून घेऊन आले.

"मातीतली एक बुरशी मुळात शिरून तुरीला मारते. ही दुसरी तिला अडवते, असं दिसतंय. बियाण्याला चोळून बघा. खात्री मात्र देत नाही."

रंभाबाईनं बाटली उजेडात धरून बघितली. "म्हंजी विरजणावानी की. चांगलं आदी शिरलं, की वंगाळाला जागा न्हाय."

तिनं दार लावून बी चोळलं. सांगायची सोय कुठे होती? नवऱ्यालाही सांगितलं नाही. उगवणार नाही तिथले नांगे भरायला एक मूठ तेवढी बाजूला ठेवली.

पेरणीच्या सकाळी तिच्या नवऱ्यानं, कोंडीबानं, गाडग्यात हात घातला आणि मूठभर बी उजेडात आणलं. रंभाच्या गाडग्यात हिरवं बी! बायको थकली, हात चुकला, असं त्याला वाटलं. भल्या माणसाच्या हातून होणारी नासाडीही मन लावून होते. त्यानं बी ओढ्यावर स्वच्छ धुतलं, वाळवून राख चोळली, आणि ती भाकरी घेऊन येईतो पेरणी उरकलीही.

फुलं आली आणि ओळीच्या ओळी वाळल्या. मध्येच एखादं झाड मात्र हिरवंगार उभं होतं.

"मी नांगं भरलं ती झाडं जगली, तुमी पेरल्याली मेली. असं कसं वो?"

कोंडीबानं मान खाली घातली. "बी हिरवं दिसलं. लोक तुला हसतील म्हून धुतलं मी."

तिला राग आला. मग लाज वाटली. ज्या हसण्याला तो भ्याला, ते तिनंच गावाला शिकवलं होतं.

उभ्या झाडांचं शेरभर बी निघालं. पुढच्या मृगाआधी तिनं कमलाकररावांकडून पुन्हा ज्वारी मागवली आणि भर ओसरीवर बी चोळायला बसली. शेजारची केराबाई दारात थबकली.

"रंभाबाय, बुरसलं की तुजं बी."

"व्हय," ती म्हणाली. "तुला बी देते थोडं. विरजण हाय."