पडताळणीच्या दिवशीचं आइस्क्रीम

“वहिनी, हे लोक आमच्या पोरांना हाडतुड करतात तोवर मला काळजी नाही. ज्या दिवशी लाडानं आत बोलावतील ना, त्या दिवशी घाबरायचं.”

आमच्या संकुलाच्या फाटकाबाहेर पत्र्याच्या टपरीत इस्त्री करणाऱ्या ताई एकदा मला म्हणाल्या होत्या. “काहीतरीच तुमचं!” म्हणत मी कपड्यांचा गठ्ठा उचलला. माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. लेक अडीच वर्षांची. तिला शाळेत जागा मिळेल की नाही, या धास्तीनं मला त्या दिवसांत भाजीसुद्धा धड निवडता येत नव्हती.

टपरीत ताईंची मुलगी घड्या घालत असे. दहा वर्षांची. सगळे तिला भिंगरी म्हणत. डाव्या मनगटावर इस्त्रीचा जुना चटका आणि तोंडात सतत पाढे. ‘सात एके सात’ला बाही, ‘सात दुणे चौदा’ला कॉलर, अशी तिची घडी पडायची. माझी लेक किरकिरली की भिंगरी तिला कडेवर घेऊन तेच पाढे म्हणत डोलायची आणि पोरगी गपगार झोपायची. भिंगरी फाटकासमोरच्याच नगरपरिषदेच्या शाळेत चौथीत होती; मागच्या वस्तीतली सगळी पोरं तिथेच शिकायची.

आमच्याकडे इमारती वाढल्या तशी मुलंही वाढली. कुठे वर्ग वाढवायचे, कुठे कमी करायचे, याचा आराखडा नगरपरिषदेनं करायला घेतला. संकुलाला आतल्या मोकळ्या जागेवर स्वतःची शाळा हवी होती. नगरपरिषदेचं म्हणणं सरळ होतं: समोर शाळा आहे, खोल्या रिकाम्या आहेत, शिक्षक वाढवून देऊ, तुमची मुलं तिथे पाठवा. ती शाळा चालू असेपर्यंत नवी मिळणार नाही.

सोसायटीच्या सभेत हे वाचून दाखवल्यावर पहिल्या माझ्या मोठ्या जाऊबाईच उठल्या.

“तिथे? त्या पोरांच्या मांडीला मांडी लावून? अहो, उवा घेऊन येतील घरी!”

“उवांना औषध मिळतं हो,” मागून कुणीतरी म्हणालं, “शिव्या शिकून आले तर काय लावायचं?”

सेक्रेटरींनी हात वर केला. “माझ्या मनात कुणाबद्दल काही नाही. आमच्याकडची बाई माझ्याच कपातून चहा पिते.”

“तुमच्या जुन्या कपातून,” त्यांची बायको घाईघाईनं म्हणाली. तिला वाटलं, नवऱ्याबद्दल गैरसमज नको. सगळे हसले.

हसू ओसरल्यावर सेक्रेटरी शांतपणे म्हणाले, “शाळा आपण कशाला बंद पाडू? मुलं येईनाशी झाली की ती आपोआप बंद होते. तसा नियमच आहे.” एवढं बोलून ते बसले. मला तेव्हा तो नियमाचा मुद्दा वाटला.

पुढच्याच आठवड्यात संकुलानं ‘शेजारच्या लहानग्यांसाठी आनंदमेळावा’ ठेवला. भर बुधवारी, सकाळी शाळेच्या वेळेत. जादूगार, फुगे, आइस्क्रीम. घरोघरी काम करणाऱ्या बायकांना निरोप गेला की मुलांना घेऊनच या, न आणाल तर वाईट वाटेल. ज्यांच्या घरची भांडी घासायची, त्यांना वाईट कसं वाटू द्यायचं?

मीही लेकीला घेऊन गेले. संकुलातली मुलं वर, हॉलमध्ये गार हवेत. वस्तीतली खाली, गाड्यांच्या पार्किंगमध्ये, तेलाच्या डागांवर ताडपत्री टाकून. एकच जादूगार आधी वर खेळ करून मग खाली आला. जाऊबाई सॅनिटायझरची बाटली घेऊन रांगेतल्या मुलांच्या तळहातांवर पिचकाऱ्या मारत होत्या. मारून झालं की स्वतःचेही हात पुसत होत्या.

“आज शाळा नाही का यांना?” मी विचारलं.

“एक दिवस बुडाली तर कुठे आभाळ कोसळतंय? मोठे साहेब व्हायचेत का?” सेक्रेटरी म्हणाले आणि घड्याळाकडे बघितलं.

एवढ्यात फाटकावर आरडाओरडा झाला. समोरच्या शाळेचे गुरुजी, बाहीला खडूची भुकटी, वॉचमनशी हुज्जत घालत होते. “अहो, पटपडताळणीला माणसं आलीत! वर्गात बसलेली मुलं मोजतायत! सोडा मुलांना!”

“पास नसेल तर आत नाही,” वॉचमन म्हणाला. तसंच सांगून ठेवलं होतं त्याला.

पडताळणी न कळवता येते. पण सेक्रेटरींचे मेहुणे नगरपरिषदेत आहेत.

मी जिन्यावरून ओरडले, “पोरांनो, शाळेत पळा!” सगळ्यात आधी भिंगरी उठली, चमचा अजून तोंडातच. तिच्यामागे बाकीची. वॉचमन फाटकाची कडी धरून सेक्रेटरींच्या तोंडाकडे बघत राहिला. मी स्वतः जाऊन कडी काढली. मुलं रस्त्यापलीकडे पोचेस्तोवर नगरपरिषदेची गाडी वळणावर गेली होती. आइस्क्रीमचे हात घेऊन ती रिकाम्या बाकांवर जाऊन बसली, आणि गुरुजींनी हजेरी घेतली. कुणासाठी, ते त्यांनाच माहीत.

महिन्याभरात शाळा बंद झाली. ‘समायोजन’ म्हणतात त्याला. मुलांची नावं मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत घातली; त्या रस्त्यावर ट्रक कुणासाठी थांबत नाहीत. ताईंना टपरी सोडता येईना. पोरीला एकटी कशी धाडणार? भिंगरी दिवसभर घड्या घालू लागली.

मग एक दिवस जाऊबाई माझ्या ओट्याशी येऊन टेकल्या. “तुला मदतीला कुणीतरी हवंच होतं ना? भिंगरीला ठेव. दोन वेळचं जेवण, तुझे जुने कपडे. अगदी घरच्यासारखी राहील.”

“तिचं शाळेचं वय आहे.”

“कुठली शाळा?” जाऊबाई हसल्या.

शाळा यांनीच बंद पाडली आणि आता त्याच शाळेतली पोर फुकटात माझ्या लेकीला कडेवर घ्यायला हवी! “माझ्या घरात ती मूल सांभाळायला येणार नाही,” मी म्हटलं.

“वहिनीशी हे काय बोलणं?” आतून नवरा.

“तुमच्या वहिनींनी मागितलंय काय ते ऐकलंत का आधी?” मी म्हटलं. तो बाहेर आला नाही.

आराखड्यावरच्या हरकती ऐकायच्या दिवशी मी लेकीला कडेवर घेऊन नगरपरिषदेत गेले. सेक्रेटरी बोलत होते, “त्या लोकांना शिक्षणाची ओढच नाही साहेब. तुम्ही स्वतः रिकामे वर्ग बघितलेत.”

मी उभी राहिले. “मुलं आमच्या पार्किंगमध्ये होती. आम्हीच बोलावली होती. गुरुजी न्यायला आले तर आमच्या वॉचमननं फाटक उघडलं नाही. कडी मी काढली.” गुरुजी मागे उभे होते, त्यांनी मान हलवली. मागच्या रांगेतल्या ताई मोठ्यानं म्हणाल्या, “माझी पोर होती तिथं!”

अधिकाऱ्यांनी बराच वेळ पेनाचं टोपण काढलं, लावलं. मग म्हणाले, “शाळा महिन्यापुरती उघडू. फेरपडताळणी करू.”

शाळा उघडली. गुरुजींनी बाक पुसले, मुलं आली. भिंगरी आली नाही.

मी नाही म्हटल्यावर जाऊबाईंनी तिला त्यांच्या मैत्रिणीकडे लावून दिलं होतं. ‘शिकवू, घरच्यासारखं ठेवू,’ असं ताईंना सांगून. मैत्रिणीच्या नवऱ्याची बदली झाली, बिऱ्हाड हललं, बाळाबरोबर भिंगरीही गेली. त्यांचा फोन लागत नाही. जाऊबाई पत्ता सांगत नाहीत. “पुन्हा तमाशा करशील,” म्हणतात. आम्ही पोलीस चौकीत गेलो. “आईनंच पाठवलीय ना?” एवढंच विचारलं. ताई इस्त्री करताना मध्येच थांबतात. एका शर्टाची पाठ जळाली परवा.

म्हणून तुम्हाला विचारते. तुमच्या इमारतीत नवं बिऱ्हाड आलंय का? त्यांच्याकडे कडेवर बाळ घेतलेली, त्यांच्यात बसून न जेवणारी मुलगी आहे का? दुपारी जिन्यात जरा कान द्या. पाढे म्हणत कुणी बाळाला झोपवत असेल, तर बेल वाजवा. डावं मनगट बघा. ‘कितवीत आहेस?’ म्हणून तिलाच विचारा. बाई तिच्या वतीनं उत्तर देतील. त्यांचं ऐकून घ्या आणि तिला पुन्हा विचारा.